नंदिनीच्या तोंडातली बर्फी

नागपूर
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

वसंत,

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. हिंगणा रोडवरच्या हॉलमध्ये, तुझ्या पिंकीच्या साक्षगंधात, स्टेजच्या पायरीशी, तू माझ्या अकरा वर्षांच्या नातीचा जबडा डाव्या हातानं दाबलास, उजव्या हाताची दोन बोटं तिच्या तोंडात घातलीस आणि संत्रा बर्फी ओढून बाहेर काढलीस. मग तिच्या कानाखाली मारलीस. ती खुर्चीवर आपटून खाली पडली, तेव्हा वेणी धरून उभी केलीस आणि पुन्हा मारलीस.

मोठी बहीण म्हणून आजवर तुला ‘चि.’ लिहीत आले. आज लिहिलेलं नाही. ‘सप्रेम’ही गाळलं आहे. जयभीम तेवढा ठेवते, कारण तो आपल्या दोघांपेक्षा मोठा आहे.

तू म्हणशील, ताई, तू तिथं नव्हतीस. नव्हतेच. मी हॉलच्या स्वयंपाकघरात केटररच्या हातापाया पडत होते, आणि का, ते तुला माहीत आहे. एक वाजता रुपराव केटररनं सांगितलं होतं, “पानं मांडून राहिलो, मॅडम.” त्या भरवशावर मी नंदिनीला जेवणाआधीचं इन्सुलिन टोचून घ्यायला लावलं. तेवढ्यात काटोलहून निघालेली पाहुण्यांची बस बाजारगावलाच पंक्चर झाल्याचा फोन आला आणि तू माईकवर जाहीर केलंस की पाव्हणे आल्याशिवाय मुलीकडचं कोणी पाण्याला शिवणार नाही. रीत म्हणे. आपल्या आईबापांनी छप्पन साली सगळ्या रिती नाल्यात सोडल्या, ही एवढी कुठून उचलून आणलीस?

मी तुझ्याजवळ येऊन सांगितलं की पोरीला आत्ताच्या आत्ता दोन घास भात हवा. तू म्हणालास, “ताई, दहा मिनट. इज्जतीचा सवाल आहे.” तुझी दहा मिनिटं मी पाऊण तास मोजली. तिची ग्लुकोजची पिशवी वधूच्या खोलीत, कारण दागिन्यांमुळे सगळ्यांच्या पिशव्या तिथं ठेवायला लावल्या होत्या, आणि चावी तुझ्या खिशात. ती तुझ्याकडे दोनदा आली. “आबा, चावी द्या नं.” तू फोनवर होतास.

तिसऱ्यांदा ती आली नाही. वरपक्षाला द्यायच्या ताटांकडे गेली, रिबीन बांधलेल्या ताटाचा कागद दातांनी फाडला आणि बर्फी तोंडात कोंबली. घामानं तिचा फ्रॉक पाठीला चिकटला होता. ओठ पांढरे पडले होते. समोरचा माणूस कोण, हेही तिला कळत नव्हतं, म्हणूनच ती चावली. नेमकी त्याच वेळी बस दारात लागली आणि तुझे व्याही आत शिरले.

तुझ्या मनगटाचं कळलं. हॉलच्या फरश्या गुळगुळीत असतात. जपून चालत जा.

या रविवारपर्यंत घरी ये. माझ्याशी बोलायची गरज नाही. तिच्यासमोर खाली बस, तिच्या उंचीला ये, आणि माफी माग.

वंदना


नागपूर
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

वसंत,

माझ्या पत्राला तू घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चार मिनिटं भाषण करून उत्तर दिलंस. सगळ्या नातेवाइकांनी ऐकलं, आणि निम्म्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मी ते उतरवून घेतलं आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझी सगळी नोकरी झाली, लोकांचं बोलणं ऐकून लिहिणं मला अजून जमतं.

“ताई कॉन्व्हेंटची आहे, तिले सगळंच समजते. मी अठरा वर्सापासून शुगरवाला आहो. रोज सकाळी कारल्याचा रस पेतो, फुटाळा तलावाले चार चक्कर मारतो. अन् हे पोरगी शुगर असून बर्फी खाऊन राहिली! मी नाही काढली असती तं कोण काढली असती? वरून कुत्र्यावानी चावली. तीन टाके पडले. व्याह्यासमोर माझं नाक कापलं. तिनं पाय धरून माफी मांगाव, अन् ताईनं पिंकीच्या लग्नात गुमान याव.”

कारल्याचा रस तुझा तू पी. तुझी शुगर आणि तिची शुगर यांचं आडनाव तेवढं एक आहे. त्या दोघींची कधी गाठसुद्धा पडलेली नाही. तुझ्या अंगात इन्सुलिन आहे आणि तुझं अंग त्याचं ऐकत नाही, जसा तू माझं ऐकत नाहीस. तिच्या अंगात ते तयारच होत नाही. कारल्याचा मळा चारला तरी होणार नाही. म्हणून प्रत्येक जेवणाआधी बाहेरून टोचावं लागतं. आणि एकदा टोचलं की ते काटोलच्या बसची वाट बघत बसत नाही. पोटात अन्न नसलं तर रक्तातली साखर ओढून घेतं. मग हात कापतात, जीभ जड होते, माणूस भलतंसलतं बोलतो, मारतो, चावतो, कोसळतो. कोसळल्यावरही कोणी काही केलं नाही तर मरतो. त्या क्षणाचं औषध साखर. ते तिनं स्वतः शोधलं, स्वतः तोंडात घातलं, आणि तू ते बाहेर काढलंस. बर्फीवर तिचं रक्त लागलं होतं की तुझं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

चावल्याचं मला सांगू नकोस. ती सहा वर्षांची असताना रामदासपेठेतल्या दवाखान्यातून तिला घरी आणलं, तेव्हा पहिले काही आठवडे रोहित पाय धरायचा, काजल हात धरायची आणि सुई मी टोचायचे. स्वतःच्या लेकराला आईबापानं पालथं दाबून धरायचं आणि आजीनं भोसकायचं, दिवसातून चार वेळा, तिच्या भल्यासाठी. एकदा तिनं माझ्या दंडाचा लचका तोडला. खूण दाखवते, ये. त्या वेळी मी तिला मारलं नाही. सुई पूर्ण रिकामी केली, मग दंड धुतला. आता ती स्वतः पोटाची चिमटी धरते आणि टोचून घेते, आणि आमच्या घरात कोणी दुसरीकडे बघत नाही. तेव्हा हिंसा काय असते, हे मला कारल्यावर जगणाऱ्या माणसानं शिकवू नये.

रोहित म्हणतो, “जाऊ दे नं आई, मामा आहेत.” भाचा शोभतो. काजल माझ्यासारखी शिकलेली नाही, हिंगण्याला कंपनीत पॅकिंगला उभी असते. ती म्हणाली, “मामाजीले सांगजा, लग्नात माह्या पोरीच्या अंगाले हात लागला तं या वेळी आजी नाही, माय येईन.”

हो, मनगट. ग्रुपवर तू म्हणालास की ताईनं झारा मारला. आधी मी फरश्यांवर ढकललं होतं, आता सरळ लिहिते. रुपराव म्हणत होता, “साहेबानं सांगतलं आहे मॅडम, पाव्हणे आल्याबिगर वाढाचं नाही.” मी त्याच्या हातातला पुऱ्या तळायचा लोखंडी झारा हिसकला आणि त्याला म्हटलं, भात वाढ, नाहीतर हा तेलात बुचकळून तुझ्या अंगावर शिंपडते. त्यानं वाढला. तेवढ्यात बाहेरून तिची किंकाळी आली. ताट एका हातात, झारा एका हातात, तशीच मी धावले. तुझी मूठ तिच्या वेणीत होती. मी एकदा म्हटलं, सोड. तू सोडलं नाहीस. मग मी झारा तुझ्या मनगटावर घातला. आवाज कोरडा आला, वाळकी काडी मोडावी तसा. तू खाली बसलास, आणि मी तुझ्या शेजारीच जमिनीवर बसून तिच्या तोंडात साखरपाणी घातलं. ते कोणीतरी आणून दिलं होतं. कोणी, ते मी पाहिलं नाही.

पोलिसात जाईन म्हणतोस. जा. ठाण्यात मी स्वतः येते, झारा घेऊन येते, रुपरावनं तो मला देऊन टाकला आहे. फिर्याद लिहिताना मात्र दोन वाजून दहा मिनिटांपासून सुरुवात कर.

ती तुझे पाय धरणार नाही. तू अजून आलेला नाहीस. या रविवारी ये.

वंदना


नागपूर
गुरुवार, २७ नोव्हेंबर २०२५

वसंत,

तू आला नाहीस. आता ऐक.

काल शाळेत संविधान दिनाचा कार्यक्रम होता. उद्देशिका म्हणायला पाच मुलं निवडली होती, त्यात नंदिनी होती. आठवडाभर घरात तेच चाललं होतं. “आम्ही भारताचे लोक” म्हणताना मान किती वर हवी, हे ती आरशात बघायची. सकाळी मी तिच्या खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवल्या. आता कुठलीही पिशवी नाही, कुठलीही चावी नाही. खिसा तिचा, गोळ्या तिच्या.

कार्यक्रम लांबला. प्रमुख पाहुणे उशिरा आले, या गावातले पाहुणे बहुतेक जन्मतःच उशिरा येतात. मुलं उन्हात स्टेजवर उभी. शेजारच्या मुलीनं नंतर सांगितलं की नंदिनीचा हात खिशात गेला, गोळ्या मुठीत आल्या, आणि हात तिथंच राहिला. मुठीतून पाणी गळायला लागलं, इतका घाम. तिची ओळ आली, ती म्हणाली. पुढची ओळ दुसऱ्या मुलाची होती. ती संपायच्या आत नंदिनी तोंडावर पडली. स्टेजच्या कडेला हनुवटी लागली. हाड दिसेपर्यंत फाटली. पुढचा दात अर्धा तुटला. अंग झटके देत होतं आणि मूठ उघडत नव्हती. तिच्या मॅडमनी एकेक बोट सरळ करून त्या ओल्या गोळ्या काढल्या, गालाच्या आत चोळल्या, आणि आम्हाला फोन केला.

दवाखान्यात हनुवटी शिवत होते तेव्हा मी तिचं डोकं धरलं होतं. मी विचारलं, “नंदू, गोळ्या हातात होत्या ना? खाल्ल्या काहून नाहीस वं?”

कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी माझ्या तोंडातून ‘काहून’ छडीनं घालवला होता. काल तो आपोआप आला.

ती म्हणाली, “सगळे बघून राहिले होते, आजी. कोणी काढून घेतल्या असत्या तं?”

वाचलंस? पुन्हा वाच. पाच वर्षं मी, रोहित आणि काजल या पोरीला एकच गोष्ट शिकवत आलो: हात थरथरला की खा. वर्गात, देवळात, विहारात, परीक्षेत, कोणी मेलं असेल तरी, विचारू नकोस, खा. त्या एका सवयीवर तिचा जीव टांगलेला आहे. तू ती सवय दोन बोटांनी उपटून काढलीस. आता ती माणसं दिसली की तोंड मिटून घेते. काल घरी आल्यावर मी साखरेचा चमचा पुढे केला, तर तिनं आधी दाराकडे पाहिलं. आम्ही तिला खोलीत नेऊन, कडी लावून, साखर भरवली. चोरून. आपल्याच घरात.

डॉक्टरांनी सांगितलं की पुढच्या वेळी आसपास अशी मॅडम असेलच असं नाही.

म्हणून आज संध्याकाळी मी तुझ्याकडे येते आहे. बोलायला येत नाही. झारा लांब पडतो, ऑटोत मावत नाही. खलबत्त्यातला लोखंडी बत्ता पिशवीत घातला आहे. तुझा डावा हात अजून शाबूत आहे, आणि जबडा तर पूर्णच. जबडा धरल्यावर कसं वाटतं ते तुला कळायला हवं. हे पत्र ऑटोवाल्याच्या हाती आधी पाठवते, म्हणजे कोणी म्हणायला नको की ताईनं न सांगता मारलं.

वंदना


नागपूर
मंगळवार, २ डिसेंबर २०२५

वसंत,

गुरुवारी मी आले होते. फाटक उघडंच होतं. जयवंतानं दिवा लावला होता आणि पडदा ओढायचा राहिला होता. तू खाटेवर बसला होतास, उजवा हात गळ्यात, आणि जयवंता तुला चमच्यानं वरणभात भरवत होती. तू तोंड उघडलंस. कोपऱ्यातून वरण ओघळलं. तू मान वर केलीस, डोळे मिटलेस.

बाबांचा चेहरा.

मी फाटकाशी उभी राहिले. पिशवीचा बंद बोटांत रुतत होता.

तुला सगळं आठवत असेल, आणि पिंकीला, इतक्या वर्षांच्या संसारात जयवंतालाही, तू यातलं काहीही सांगितलेलं नसशील. मिलमधून येताना बाबा कोपऱ्यावरून बर्फी घ्यायचे आणि दारात यायच्या आधी तोंडात टाकायचे. शुगरनं पायाची जखम काळी पडत चालली होती. आईनं तुला कामाला लावलं होतं. चौदा वर्षांचा होतास. “वसंत, बापाचं तोंड पाहा रे.” तू त्यांना भिंतीशी गाठायचास, डाव्या हातानं जबडा दाबायचास, उजव्या हाताची दोन बोटं आत घालायचास. ते चावायचे. तू काढून आणायचास आणि नालीत फेकायचास, कधी एक तुकडा चाटला नाहीस. आणि मग स्वयंपाकघरात येऊन आईसमोर हात धरायचास, रक्ताळलेला, काम केलं हे दाखवायला. ती हळद लावायची आणि म्हणायची, “माझ्या लेकानं बापाले वाचवलं.” त्यांचा पाय कापला गेला तरी तुझं ते काम चालूच राहिलं, ते जाईपर्यंत.

तेव्हा हॉलमध्ये तुझा हात कुठून आला, ते मला गुरुवारी त्या खिडकीतून दिसलं. ताट फाटलेलं दिसलं, साखर दिसली, शुगरवालं माणूस दिसलं. बाकी काम बोटांनी केलं. तुला वाटलं, वाचवतो आहेस. कदाचित अजून वाटत असेल.

यानं तुझा गुन्हा तसूभर कमी होत नाही. बाबांच्या तोंडातून काढायची होती, हिच्या तोंडात घालायची होती. आणि जबड्याचं एक वेळ समजलं, पण वेणी धरून जे मारलंस ते बाबांसाठी नव्हतं. ते व्याह्यांसाठी होतं. त्याला माझ्याकडे क्षमा नाही, आणि माझ्या झाऱ्याबद्दलही मी क्षमा मागणार नाही. पुन्हा तसं घडलं तर पुन्हा घालीन, जास्त जोरानं.

पण बत्ता पिशवीतच राहिला. मी परत फिरले, कारण मला एक गोष्ट कळली. नंदिनीला तुझा मोडलेला हात काहीही देत नाही. दुसरा मोडून दिला तरी ती साखरेचा चमचा पाहून दाराकडेच बघणार. मी, रोहित, काजल, डॉक्टर, सगळ्यांनी गेल्या आठवड्यात तिला समजावलं. ती शहाण्यासारखी मान हलवते आणि तोंड मिटते. ज्यानं काढून घेतलं त्यानंच परत दिलं, तरच ते परत येईल. दुसऱ्या कोणाच्या हातून ते काम होत नाही, याची मला लाज वाटते आणि संताप येतो, आणि तरी ते तसंच आहे.

काल पिंकी येऊन गेली. लग्नाची पत्रिका आणली होती, १४ डिसेंबर. नंदिनी खोलीतून बाहेर आली नाही. पिंकी दाराला टेकून खाली बसली आणि दारालाच बोलली, “नंदू, तू नाही आली तं मी बी हार नाही घालत बरं. बसू दे नवऱ्याले तसाच.” आतून आवाज आला, “तिथं जेवायले उशीर होईन का?” पिंकी रडायला लागली. जाताना मला म्हणाली, “आत्या, बाबा कोणासोबत बोलून नाही राहिले. तो चावलेला बोट पाहत बसतात.” मी म्हटलं, बघू दे.

आता माझी मागणी. घरी येऊन माफी माग, असं मी दोनदा लिहिलं. ते मागे घेते. तू दारात दिसलास तर ती पलंगाखाली जाईल, आणि तुझं भाषण मला ग्रुपवर पुन्हा ऐकायचं नाही.

तू तिला पत्र लिहायचं आहेस. मला नाही, रोहितला नाही, पाकिटावर ‘कु. नंदिनी’ असं तिचं नाव हवं. त्यात तू कोणाची इज्जत गेली, किती टाके पडले, हे लिहायचं नाहीस. मी काय केलं, तेही नाही. तिनं त्या दिवशी ताट फाडलं ते बरोबर केलं, हे लिहायचं. तू चुकलास, हे लिहायचं, ‘पण’ न लावता. आणि लिहायचं की १४ तारखेला तुझ्या मांडवात हात थरथरला तर पाहुणे आले की नाही ते बघू नकोस, पंगत बसली की नाही ते बघू नकोस, नवरदेवासमोरचं ताट दिसलं तर ते फाड आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खा. तिला ते पत्र मी वाचून दाखवणार नाही. ती स्वतः वाचेल, खिशात गोळ्यांशेजारी ठेवेल. कोणी अडवलं तर दाखवेल. आबांनी लिहून दिलंय म्हणेल.

पिंकीकडून लिहवून घेऊ नकोस. जयवंताकडूनही नाही. नंदिनी तुझं अक्षर ओळखते, तिच्या प्रत्येक वाढदिवसाच्या पाकिटावर तूच नाव लिहीत आलास. उजवा हात प्लॅस्टरमध्ये आहे, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? डाव्या हातानं लिही. वेळ लागेल, अक्षरं वाकडी येतील, दोन-तीन कागद फाडावे लागतील. फाड. तू डाव्या हातानं लिहिलं आहेस, हे तिला दिसू दे.

मंगळवार, ९ डिसेंबर, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत ते माझ्या दाराच्या फटीतून आत यायला हवं. फोन चालणार नाही, निरोप चालणार नाही. पाच वाजता ती शाळेतून येते आणि तिची खायची वेळ असते. त्या दिवशी मी तिच्या खोलीच्या दाराची कडी काढून ठेवणार आहे.

लेखी उत्तराची वाट पाहणारी,
वंदना